तीनशे बुकिंग घ्यायची, की आधी वीस गाड्या द्यायच्या?

प्रश्न : चाकणजवळ आमची लहानशी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. आम्ही दोन आसनी इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार बनवतोय. एक प्रोटोटाइप ट्रॅकवर पळतोय, एआरएआय या वाहन चाचणी संस्थेच्या चाचण्या अजून सुरू व्हायच्या आहेत. एक्स-शोरूम किंमत ४५ लाखांच्या आसपास असेल. उत्पादन सुरू झालं की महिन्याला ५, म्हणजे वर्षाला ६० गाड्या निघतील. आमच्या संस्थापकांचा बेत असा : गाडीचं अनावरण करायचं, त्याच संध्याकाळी प्रीबुकिंग उघडायचं, ३०० जणांकडून प्रत्येकी ५ लाख नॉन-रिफंडेबल घ्यायचे आणि त्या १५ कोटींतून टूलिंग (गाडीचे भाग बनवायचे साचे आणि डाय) करायचं. शिवाय ५० हजारांत ‘फाउंडर्स क्लब’चं सभासदत्व : जॅकेट, गाडीचं छोटं मॉडेल आणि रांगेत पुढचा नंबर. ‘महिंद्राला अर्ध्या तासात लाखभर बुकिंग मिळतात, आपल्याला तीनशे मिळणार नाहीत?’ हा त्यांचा सवाल. मार्केटिंग माझ्याकडे आहे. रक्कम किती, केव्हा आणि कशी घ्यावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर :

तीनशे मिळतीलही. पण महिन्याला ५ गाड्या या वेगाने तीनशेव्या ग्राहकाला गाडी मिळायला उत्पादन सुरू झाल्यापासून पाच वर्षं लागतील. उत्पादन सुरू व्हायच्या आधी चाचण्या, टूलिंग आणि पुरवठादारांची जुळवाजुळव आहे, तो काळ वेगळा. पाच-सहा वर्षांनी मिळणाऱ्या गाडीसाठी आज ५ लाख घेणं ही विक्री नव्हे आणि मार्केटिंगही नव्हे. ते बिनव्याजी कर्ज झालं, आणि असं कर्ज जनतेकडून उचलायची परवानगी तुमच्या कंपनीला नाही.

हे शब्दशः खरं आहे, म्हणून आधी कायद्याचंच बोलू. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ७३ खाली ‘ठेवी स्वीकारण्याचे नियम २०१४’ आहेत. मालाच्या पुरवठ्यापोटी ग्राहकाकडून घेतलेली आगाऊ रक्कम ठेव धरली जात नाही, पण एका अटीवर : ती घेतल्यापासून ३६५ दिवसांच्या आत मालाच्या पुरवठ्यात वळती झाली पाहिजे. ३६६ व्या दिवशी तीच रक्कम ठेव होते, आणि प्रायव्हेट कंपनीला बाहेरच्या लोकांकडून ठेवी घेता येत नाहीत. त्याच नियमात आणखी एक तरतूद आहे, ती सहसा नजरेतून सुटते. ज्या मालासाठी पैसे घेतले त्याचा व्यवहार करायला लागणारी मंजुरी कंपनीकडे नसेल आणि त्यामुळे पैसे परत करायची वेळ आली, तर परतफेडीच्या देय तारखेपासून १५ दिवसांनी ती रक्कम ठेव मानली जाते. गाडीच्या नमुन्याला चाचण्यांनंतर मिळणारी मंजुरी, म्हणजे टाइप अप्रूव्हल, नसेल तर ती आरटीओत नोंदवता येत नाही. म्हणजे प्रमाणपत्राआधी घेतलेलं बुकिंग या तरतुदीत सापडू शकतं. कलम ७६अ खालचा दंड किमान १ कोटी किंवा ठेवीच्या दुप्पट, यांतली कमी असेल ती रक्कम, आणि कमाल १० कोटी. जबाबदार अधिकाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थापकांना १५ कोटींचा आकडा दाखवताना हा परिच्छेदही सोबत ठेवा, आणि कंपनी सेक्रेटरीकडून लेखी मत घ्या.

दर ११ महिन्यांनी बुकिंगची नवी पावती फाडून मुदत ‘ताजी’ करायची, ही युक्ती कोणीतरी सुचवेलच. पैसे खरोखर परत जाऊन ग्राहकाने स्वखुशीने पुन्हा भरले तर गोष्ट वेगळी. नुसता कागद बदलला तर रक्कम पहिल्याच तारखेपासून मोजली जाण्याचा धोका राहतो.

आता महिंद्राची तुलना. स्कॉर्पिओ-एन तुमच्या शेजारीच, चाकणला बनते, म्हणून तिचा मोह समजू शकतो. पण तारखा बघा. गाडी २७ जून २०२२ ला बाजारात आली, किमती जाहीर झाल्या, लोकांनी ती शोरूममध्ये पाहिली आणि चालवूनही बघितली. मग ३० जुलैला २१ हजार रुपयांवर बुकिंग उघडलं आणि अर्ध्या तासात लाखाच्या वर गेलं. पहिल्या २५ हजारांना सुरुवातीची किंमत होती, त्यामुळे पहिल्या मिनिटाला झुंबड उडाली. डिलिव्हरी २६ सप्टेंबरपासून, म्हणजे दोन महिन्यांच्या आत. बुकिंगच्या दिवशी गाडी मंजूर, किंमत पक्की, कारखाना चालू आणि सर्व्हिसचं जाळं देशभर. तुमच्याकडे यांतलं आज एकही नाही. अर्ध्या तासातलं लाख हे त्या तयारीचं शेवटचं पान होतं, संस्थापक ते पहिलं पान समजतायत.

दुसरं उदाहरण तुमच्या आकाराच्या जास्त जवळचं आहे. स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस २०२५ मध्ये पूर्ण आयात करून फक्त १०० आणल्या. ६ ऑक्टोबरला अडीच लाखांवर बुकिंग उघडलं आणि १७ ऑक्टोबरला ४९.९९ लाख ही किंमत जाहीर व्हायच्या आतच सगळ्या संपल्या. किंमत न सांगताही हे जमलं, कारण आरएस हे नाव इथल्या शौकिनांना आधीपासून माहीत होतं, गाडी युरोपात बनत होती आणि आकडा शंभरच होता. टंचाई खरी होती. तुमचीही टंचाई खरीच आहे, वर्षाला ६०. ती ३०० करून तुम्ही स्वतःच्या हाताने आपलं सगळ्यात मोठं भांडवल घालवताय.

तेव्हा केव्हा, या प्रश्नाचं उत्तर : गाडी हातात द्यायच्या तारखेपासून मागे मोजत या. ज्या दिवशी टाइप अप्रूव्हलचं प्रमाणपत्र हातात आणि अंतिम किंमत कागदावर असेल, तो शून्य दिवस धरा. त्याआधी एक रुपयाही घेऊ नका. शून्य दिवशी २० गाड्यांची पहिली तुकडी उघडा, वर १० जणांची प्रतीक्षायादी. पहिली गाडी तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस निघाली आणि पुढे महिन्याला ५ चा वेग धरला, तर विसावी सातव्या महिन्यात जाईल. ३६५ दिवसांच्या आत पाच महिन्यांची उसंत उरते. ती चैन समजू नका. पहिल्या तुकडीत उशीर होतोच : बॅटरीच्या सेलचा लॉट अडकतो, दरवाज्याची फट जुळत नाही, काच पुरवणारा ६० नगांची ऑर्डर मागे टाकतो. दुसरी तुकडी पहिल्या १० गाड्या ग्राहकांच्या दारात गेल्यावर उघडा. वर्षाच्या ६० गाड्या अशा तीन तुकड्यांत जातील आणि कोणालाही आठ महिन्यांवर थांबावं लागणार नाही. पहिल्या वीस मालकांचे फोटो आणि तक्रारी या दोन्ही गोष्टी दुसऱ्या तुकडीची जाहिरात करतात. तक्रारीसुद्धा, तुम्ही त्या कशा सोडवता ते दिसलं तर.

अनावरण आणि शून्य दिवस यांमध्ये वर्ष-दीड वर्ष जाईल. त्या काळात फुकट नोंदणी ठेवा. फॉर्ममध्ये नाव आणि फोनशिवाय पाच गोष्टी विचारा : शहर, घरी स्वतःच्या पार्किंगमध्ये चार्जर बसू शकतो का, सध्याची गाडी, पसंतीचा रंग, आणि किती महिन्यांत घ्यायचा विचार आहे. चार्जरचा प्रश्न सगळ्यात कामाचा. सोसायटीची परवानगी नसलेला माणूस आवडीने नाव नोंदवतो आणि पैसे भरायच्या दिवशी गळतो. शहर कळलं की सर्व्हिस व्हॅन कुठे लागेल ते आत्ताच दिसतं. ही माहिती कशासाठी वापरणार ते एका वाक्यात लिहून संमती घ्या. वैयक्तिक माहितीच्या नव्या कायद्यात तशी अट आहे.

यादी फुकट असली तरी तिचं मोल आहे. मात्र आकडा फुगतो, आणि तो किती फुगणार हे बुकिंगच्या रकमेवर ठरतं. टेस्लाने सायबरट्रक या इलेक्ट्रिक पिकअपसाठी १०० डॉलर घेतले. दहा लाखांवर लोकांनी नोंदणी केल्याचं कंपनीच्या प्रमुखांनी २०२३ मध्ये सांगितलं. मार्च २०२५ मध्ये जवळपास सगळे ट्रक परत बोलवावे लागले तेव्हा तो आकडा ४६ हजार निघाला. मधल्या काळात ३९,९०० डॉलरची कबूल किंमत ६०,९९० झाली होती, हेही खरं. १०० डॉलरमधून कुतूहल मोजलं जातं, गिऱ्हाईक नाही.

दुसऱ्या टोकाला टेस्लाचीच नवी रोडस्टर. नोव्हेंबर २०१७ मध्ये दाखवली, २ लाख डॉलरच्या गाडीसाठी ५० हजार आगाऊ, आणि पहिल्या हजार ‘फाउंडर्स सीरिज’साठी पूर्ण अडीच लाख डॉलर तिथेच. वायदा २०२० चा होता. २०२५ संपलं तरी ती ग्राहकांच्या हाती आलेली नाही. इतकी मोठी रक्कम इतका काळ अडकली की जे लोक तुमचे बिनपगारी प्रचारक व्हायचे तेच जाहीरपणे परतावा मागायला लागतात, आणि रोडस्टरच्या बाबतीत नामांकित लोकांनी तसं केलंही. आपल्याकडचं उदाहरण छोटं पण बोलकं : २०१६ मध्ये मॉडेल ३ साठी १,००० डॉलर भरलेल्या भारतीयांना टेस्लाने पैसे परत करायला सुरुवात केली ती मे २०२५ मध्ये, मुंबईत बीकेसीला शोरूम उघडायच्या दोन महिने आधी. नऊ वर्षं!

या दोन टोकांच्या मधलं नीट केलेलं काम पोर्शेचं. टायकान या इलेक्ट्रिक गाडीसाठी युरोपात २,५०० युरो घेतले, दीड लाख युरोच्या टायकान टर्बोच्या मानाने दोन टक्क्यांच्याही आत. गाडीचं अंतिम रूप सप्टेंबर २०१९ मध्ये दाखवलं, पण त्याच वर्षीच्या मार्चपर्यंत २० हजारांवर लोकांनी रस दाखवला होता. पोर्शेने आधी वर्षाला २० हजार गाड्यांची क्षमता आखली होती. ही मागणी बघून ती ४० हजारांवर नेली. २०२० मध्ये २०,०१५ टायकान ग्राहकांना गेल्या, २०२१ मध्ये ४१ हजारांवर. प्रीऑर्डरचा खरा उपयोग हा : कारखान्याला आकडा सांगणं. त्या पैशातून कारखाना बांधायची पोर्शेला गरज नव्हती, म्हणून तर आकडा प्रामाणिक राहिला.

तुमच्या ४५ लाखांच्या गाडीला शून्य दिवशी १ लाख घ्या, म्हणजे किमतीच्या साधारण सव्वादोन टक्के. कारण न विचारता परत मिळणारे. पुढे ग्राहकाने गाडी चालवून पाहिली, रंग-सीट-चाकं ठरवली आणि त्याची गाडी बनायला ९० दिवस उरले, की आणखी ४ लाख. या टप्प्यापासून रद्द केल्यास किती कापणार ते आकड्यात लिहा. ग्राहकाने निवडलेल्या खास रंगाचा आणि सीटचा खर्च कापणं रास्त आहे, पाचही लाख गिळणं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही व्याख्या आहे आणि एकतर्फी जप्तीची कलमं तिच्यात अडकतात. उरलेली रक्कम चॅसी नंबर कळवल्यावर, डिलिव्हरीच्या आठवडाभर आधी.

१ लाख भरलेल्यांना क्रमाने फोन करा आणि पुढचे ४ लाख भरायला १४ दिवस द्या. मुदत उलटली तर नंबर यादीच्या शेवटी जाईल हे आधीच लिहून ठेवा. हे १४ दिवस म्हणजे तुमची खरी परीक्षा. वीसपैकी बारापेक्षा कमी लोकांनी होकार दिला तर दुसरी तुकडी उघडू नका. आधी नाही म्हणालेल्या प्रत्येकाला स्वतः फोन करा. किंमत, रेंज, सर्व्हिस की सोसायटीचा चार्जर, हे तिथेच कळेल. कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा ते स्वस्त पडतं.

पैसे कुठे ठेवायचे? वेगळ्या खात्यात, ज्यातून पगार आणि पुरवठादारांची बिलं जाणारच नाहीत. बँकेत एस्क्रो (ठरलेली अट पूर्ण होईपर्यंत पैसे अडवून ठेवणारं खातं) करता आला तर उत्तम, आणि तसं बुकिंगच्या पानावर लिहा. नव्या कंपनीला यापेक्षा चांगली जाहिरात नाही. टूलिंगसाठी या पैशाला हात लावायचा नाही. संस्थापक इथे कुरकुरतील, तेव्हा त्यांना एवढंच विचारा की वर्षाला ६० गाड्यांना प्रेसचे स्टीलचे डाय हवेतच कशाला. बाहेरचे पॅनेल एफआरपीचे (फायबर घातलेल्या प्लास्टिकचे) साध्या साच्यांतून निघतात. साचे स्वस्त, झिजले तर नवे करता येतात, आणि पहिल्या तुकडीनंतर आकार थोडा बदलायचा झाला तरी जीव जात नाही. टूलिंगचा खर्च खाली आला की १५ कोटींची निकडही ओसरेल. उरलेल्यासाठी भागभांडवल किंवा मुदत कर्ज, आणि बँकेपुढे ठेवायला नोंदणीची यादी.

बारीक गोष्टी, पण पैसे इथेच गळतात. पेमेंट गेटवे क्रेडिट कार्डावर साधारण २ टक्के अधिक जीएसटी घेतो, म्हणजे लाखामागे २,३६० रुपये. ग्राहकाला पैसे परत केले तरी हे शुल्क तुम्हाला सहसा परत मिळत नाही. म्हणून बुकिंग यूपीआय किंवा थेट बँक ट्रान्सफरने घ्या. १ लाख ही रक्कम यूपीआयच्या नेहमीच्या एका व्यवहाराच्या मर्यादेत बसते. रोख अजिबात नको. मालाच्या आगाऊ रकमेवर नोव्हेंबर २०१७ पासून जीएसटी लगेच भरावा लागत नाही, तो बिलाच्या वेळी येतो. इलेक्ट्रिक गाडीला ५ टक्के. पण पावतीवर ‘बुकिंग फी’ किंवा ‘प्राधान्य शुल्क’ असं काही लिहिलंत, तर तो सेवेचा मोबदला ठरून १८ टक्क्यांचा वाद उभा राहू शकतो. पावतीवर ‘वाहनाच्या किमतीपोटी आगाऊ, परतावायोग्य’ असंच लिहा. १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने ग्राहकाकडून गोळा करायचा आयकर) असतो आणि तो रक्कम हाती येताना गोळा करायचा असतो. तुमच्या टप्प्यांत तो कुठे बसतो ते सीएकडून लेखी घ्या.

आता त्या जॅकेटवाल्या क्लबकडे. प्रेस्टन टकर या अमेरिकन माणसाने १९४० च्या दशकात हाच प्रयोग केला. गाडी बाजारात यायच्या आधी त्याने ग्राहकांना रेडिओ, सीट कव्हर आणि सामानाच्या बॅगा विकल्या. ॲक्सेसरी घेतली की रांगेत जागा. सरकारी चौकशी झाली, फसवणुकीचा खटला उभा राहिला, कारखाना बंद पडला. जानेवारी १९५० मध्ये टकर निर्दोष सुटला, पण तोवर गाड्या जेमतेम पन्नास बनल्या होत्या. जॅकेट विकायचं तर खुशाल विका, ते छान दिसत असेल तर लोक घेतीलच. त्याच्याशी रांगेतला नंबर मात्र जोडू नका. नंबर पैशाने वर सरकतो हे कळलं की ज्यांनी पहिल्या दिवशी नाव नोंदवलं ते सगळ्यात आधी नाराज होतात, आणि इंटरनेटवर सगळ्यात जास्त बोलतातही तेच.

करारातली दोन कलमं तुमचं नाव राखतील किंवा घालवतील : किंमत आणि गाडीचा नमुना. जॅग्वार एक्सजे२२० चं प्रकरण यासाठी नीट समजून घ्या. १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या मोटार शोमध्ये ती व्ही१२ इंजिन आणि चारही चाकांना ताकद अशी दाखवली. लोकांनी ५० हजार पौंडांची डिपॉझिटं भरली, आणि रांग बनणार होत्या त्या गाड्यांच्या कितीतरी पट लांब झाली. १९९२ मध्ये ती रस्त्यावर आली तेव्हा आत ३.५ लिटरचं टर्बो व्ही६ होतं आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. २ लाख ९० हजार पौंडांपासून निघालेली किंमत महागाईशी जोडलेल्या कलमामुळे ४ लाख ७० हजारांपर्यंत चढली. मधेच मंदी आली आणि पुन्हा विकून नफा कमावायच्या बेतात असलेले लोक पळाले. ग्राहक आणि कंपनी कोर्टात समोरासमोर आले. शेवटी तीनशेच्या आतच गाड्या बनल्या. गंमत म्हणजे ती गाडी ताशी २०० मैलांच्या पलीकडे धावत होती, गाडीत खोट नव्हती. वचनात खोट होती.

तुम्ही काय कराल? किंमत शून्य दिवशी बांधून टाका. सरकारी कर बदलला तर तेवढाच फरक, वर किंवा खाली. तुमच्या बाजूने वाढ झालीच तर कमाल ३ टक्के, त्यापुढे गेली तर ग्राहकाला व्याजासह परतावा. नमुन्यासाठी सहा गोष्टी आकड्यांत लिहा : बॅटरीचे किलोवॉट-तास, प्रमाणित चाचणीतली रेंज, ०-१०० चा वेळ, वजन, जलद चार्जिंगचा कमाल वेग आणि बॅटरीची वॉरंटी. यांतला एकही ५ टक्क्यांहून जास्त खालावला तर ग्राहकाला पूर्ण परताव्याचा हक्क, कोणत्याही टप्प्यावर. रेंज लिहिताना ती कोणत्या चाचणीची ते लिहा आणि शेजारीच महामार्गावर ताशी १०० च्या वेगाने, एसी लावून किती मिळते तेही द्या. स्पोर्ट्स कार घेणारा माणूस पहिल्याच रविवारी लोणावळ्याला जाऊन ते मोजणार आहे.

दलालांचा, म्हणजे गाडी घेऊन लगेच चढ्या भावाने विकणाऱ्यांचा, प्रश्न साठ गाड्यांनाही येतो. फोर्डने आपल्या जीटी या स्पोर्ट्स कारसाठी २०१६ मध्ये अर्ज मागवले. ५०० गाड्यांना ६,५०६ पूर्ण अर्ज आले, आणि निवड झालेल्यांवर दोन वर्षं न विकण्याची अट होती. त्या अटीवरून फोर्डने २०१७ मध्ये कुस्तीपटू-अभिनेता जॉन सीनावर दावा लावला, पुढच्या वर्षी तडजोड झाली. जनरल मोटर्सने कॉर्व्हेट झी०६ साठी काठीबरोबर गाजरही ठेवलं : १२ महिने गाडी ठेवणाऱ्या पहिल्या मालकाला ५ लाख रिवॉर्ड पॉइंट, म्हणजे ५ हजार डॉलरचं मोल. कोर्टाची पायरी चढणं तुम्हाला परवडणार नाही, म्हणून गाजराचीच वाट धरा. एका पॅन क्रमांकावर एकच बुकिंग, बुकिंग दुसऱ्याच्या नावावर होणार नाही, आणि पहिल्या मालकाने वर्षभर गाडी ठेवली तर बॅटरीच्या वॉरंटीत आणखी दोन वर्षं. तरीही एखादी गाडी महिनाभरात चढ्या भावाने विकली गेली तर फार मनाला लावून घेऊ नका. तशी बातमी तुमच्या जाहिरातीच्या बजेटात मावली नसती.

बुकिंगच्या पानावर ‘फक्त ७ स्लॉट शिल्लक’ असा पळता आकडा टाकायचा मोह होईल. खरा असेल तरच टाका. ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (ग्राहकाला फसवणाऱ्या वेबपानांच्या युक्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत खोटी घाई हा पहिल्या रांगेतला गुन्हेगार आहे. २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या नियमांत, पुरवू शकत नाही ते माल आमिष म्हणून दाखवण्यालाही बंदी आहे. पानावर एवढा मजकूर पुरे, बाकीचं करारात :

‘तुमचा क्रमांक : २० पैकी १४. तुमची गाडी अमुक ते अमुक या महिन्यांत मिळेल. १ लाख रुपये वेगळ्या खात्यात आहेत. रद्द करायचं असेल तर खालचं बटण दाबा, ७ कामकाजाच्या दिवसांत पैसे खात्यात.’

ते बटण खरंच चालू ठेवा. फोन करा, मेल करा, मॅनेजरशी बोला, असल्या फेऱ्यांत अडकलेला ग्राहक रद्द करायचं थांबत नाही, फक्त चिडून रद्द करतो. सोपं बटण दिसलं की उलट घाई राहत नाही.

उशीर झालाच तर कळल्यापासून ७ दिवसांत पत्र जायला हवं. त्यात तीन गोष्टी : काय अडकलं, नेमक्या भागाच्या नावासह, नवा महिना, आणि परताव्याचा पर्याय. ‘पुरवठा साखळीतील अडचणी’ असं लिहू नका, ‘मागच्या काचेचा दुसरा लॉट चाचणीत नापास झाला’ असं लिहा. या प्रकारच्या गाड्या घेणाऱ्याला यंत्रातलं कळतं, त्याला कारण आवडतं. नवी तारीख मात्र एकदाच द्या. तो अडकलेला भाग प्रत्यक्ष हातात येईपर्यंत ‘अजून तारीख देत नाही’ असंच लिहिलेलं बरं. दुसऱ्यांदा बदललेल्या तारखेनंतर परताव्यांची रांग लागते. टीव्हीआर या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीने २०१७ मध्ये ग्रिफिथ ही गाडी दाखवून ५ हजार पौंडांची डिपॉझिटं घेतली होती, २०१९ ला गाडी द्यायची होती. वेल्समधला कारखाना पुढे ढकलला गेला, मग गाडी पुढे ढकलली गेली, आणि ती उत्पादनात आलीच नाही.

शेवटचं, आकडे जाहीर करण्याबद्दल. अनावरणानंतर पत्रकार ‘बुकिंग किती?’ विचारतील. नोंदणी, परतावायोग्य बुकिंग आणि पक्की ऑर्डर हे तीन आकडे वेगळे सांगा, नाहीतर एकही सांगू नका. अमेरिकेतल्या लॉर्ड्सटाउन मोटर्सने आपल्या इलेक्ट्रिक पिकअपला लाखभर प्रीऑर्डर असल्याचं सांगितलं होतं, त्यांतल्या बऱ्याच कोणालाही न बांधणाऱ्या निघाल्या. २०२१ मध्ये मुख्य अधिकाऱ्याला पायउतार व्हावं लागलं आणि पुढे तिथल्या बाजार नियामकाने कारवाई केली. तुमच्या संस्थापकांना गुंतवणूकदारांपुढे बोलायची सवय असेल, तर त्यांच्या स्लाइडवरचा ‘३०० बुकिंग’ हा शब्दप्रयोग आजच बदलून ‘३०० नोंदणी, रक्कम घेतलेली नाही’ असा करून घ्या. हिशेबाच्या वहीतही १ लाख हे उत्पन्न नाही, गाडी देईपर्यंत ते देणंच आहे.

सोमवारच्या बैठकीला एकच कागद न्या : डावीकडे महिना, उजवीकडे त्या महिन्यात निघणाऱ्या ५ गाड्या, आणि प्रत्येक गाडीपुढे तिचे पैसे कोणत्या तारखेला घेतले तर ३६५ दिवसांत बसतात ती तारीख. संस्थापकांना तीनशेवी ओळ स्वतःच्या हाताने भरायला सांगा.